वखारीच्या भिंतीवरची रेघ

डहाणू, खाडीकाठ
१२ जानेवारी २०२५

शुक्रा,

सदूचं पत्र आहे. गवताच्या वखारीतला सदू. पाकीट चुलीत घालण्याआधी एवढं ऐकून घे.

माझा मुलगा जतीन याला तलासरीच्या बाजारात तुझा मनिष भेटला. त्याच्याकडून पत्ता कळला, आणि तुझी सून वर्षा अंगणवाडीत आहे, ती वाचून दाखवील हेही कळलं. फोन नंबर पण आणलाय जतीनने. पण पलीकडून तुझा आवाज आला तर माझी जीभ उचलायची नाही. कागद बरा. कागद मध्येच थांबवता येतो.

तू आहेस हे ऐकून बरं वाटलं. गुडघे गेलेत म्हणे तुझे. माझे गुडघे बरे आहेत, पण रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे दिवसातून चारदा आठवावं लागतं. आमची कुसुमबाई म्हणते, "गोळीपेक्षा आठवण्यानेच तुमचा दाब वाढतो."

लिहायला कारण असं की आपल्या वखारीचं उद्यान होतंय. खाडीकाठची ती सगळी जागा नगरपरिषदेने घेतली. चाळीस वर्षं तिथे घाणेरी वाढली होती, शेळ्या चरत होत्या, लोक मोडक्या होड्या आणून टाकत होते. पत्रे कधीच उडाले. गवत आवळून गासड्या बांधायचा दाब अजून उभा आहे. त्याचं लोखंडी मळसूत्र गंजून चिकटलंय, आणि खाडीकडची लांब भिंत शाबूत आहे. ती भिंत ठेवणार आहेत.

मुंबईहून एक बाई येतात, मयुरा नावाच्या. उद्यानाचा नकाशा त्यांचाच. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण सगळे त्यांना मॅडम म्हणतात म्हणून मी पण म्हणतो. त्यांनी मला बोलावून माहिती विचारली, फोटो काढला. भिंतीवरची लाल रेघ अजून दिसते. ती कोणी काढली म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, मी काढली.

एवढंच. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सदू

डहाणू
२ फेब्रुवारी २०२५

शुक्रा,

उत्तर नको म्हणालो आणि रोज पोस्टमनची वाट बघतो. तिकीट कमी पडलं असेल का? या वेळी दोन जास्त लावलीत.

काल त्या जागेवर जाऊन बसलो होतो. घाणेरी काढून टाकलीय. मोकळी जागा बघितली आणि मला एकदम गवताचा वास आला. आता तिथे गवताची काडी नाही, तरी आला. दिवाळीनंतरचा, उन्हात वाळलेल्या गवताचा गोडसर वास. कैनाडकडून गाड्या यायच्या, बैलांपेक्षा भारा मोठा. तू, हाल्या, काकड्या आणि पांड्या दाबाच्या दांड्याला छाती लावून गोल फिरायचे. मळसूत्र करकरायचं. तू आवाज द्यायचास आणि बाकीचे तिघे तो उचलून धरायचे. मी बाजूला उभा राहून गासड्या मोजायचो, कारण मी चौथी शिकलेला.

दुपारी तुझी ठकी डोक्यावरून भाकऱ्या आणायची. नागलीची भाकरी, आणि तू सकाळी खाडीतून काढलेले खेकडे निखाऱ्यावर. माझ्या घरून कुसुमबाईने दिलेला डबा पांड्या खायचा आणि मी तुमच्यात जेवायचो. एकदा तू म्हणालास, "सदू, खेकडा वर चढायला लागला की उधाण मोठं येणार, ध्यानात ठेव. हे तुझ्या चौथीच्या पुस्तकात नसणार." नव्हतं. अजूनही अमावास्या-पुनवेला मी खेकड्यांची बिळं बघतो. जतीन हसतो. त्याच्या मोबाइलात भरतीची वेळ येते.

पडाव गासड्यांनी भरून, शीड चढवून मुंबईच्या तबेल्यांकडे निघाला की आपण शेवटच्या गासडीवर बसून पार खाडीच्या मुखापर्यंत जायचो आणि पोहत परत यायचो. तू आधी पोहोचायचास. तुझे पाय लांब.

शुक्रा, हे उद्यान आपल्या समजुतीतल्या बागेसारखं नाही. मी मॅडमना विचारलं, "भिंत कुठे बांधणार, पाणी अडवायला?" त्या म्हणाल्या, "आजोबा, पाणी अडवायचं नाही. आत घ्यायचं. पायऱ्या-पायऱ्यांनी पसरू द्यायचं आणि ओहोटीबरोबर जाऊ द्यायचं." काठाने तिवरं लावणार आहेत. आपण ज्या तिवरांची सरपणाला तोड केली, तीच आता रोपं आणून लावतायत. सगळ्यात खालच्या पायरीवर पोरांनी खेळायचं, पाणी आलं तर भिजून जाईल, उतरलं की पुन्हा खेळायचं. मला हे आवडलं. आपली वखार अशी असती तर.

फक्त एक ओटा उंच राहणार. मोठा, छप्पर असलेला, दोनशे माणसं मावतील एवढा. विजेची पेटी आणि पिण्याच्या पाण्याची टाकी त्याच्यावर. वादळ आलं तर बंदरावरच्या घरांतली माणसं तिथे आणून ठेवायची. त्या ओट्याची उंची माझ्या रेघेवरून ठरवलीय. रेघेच्या वर एक वीत.

त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही. कुसुमबाई म्हणते, "अहो, त्या रेघेला हार घालायचा तेवढा राहिलाय. नाव येणार भिंतीवर, आणि तोंड बघा."

मॅडम तिथे पाटी लावणार आहेत. सदूकाकांची रेघ.

सदू

डहाणू
२३ फेब्रुवारी २०२५

शुक्रा,

वर्षाबाई, इथून पुढचं आधी तू एकटीने वाच आणि मग त्याला सांग.

नको. तसं नको. सगळ्यांसमोर वाच. ठकीबाईंनाही बसव.

रेघ चुकीची आहे. हे तुला सांगायला नको, पण मी ते अजून कधी तोंडाने बोललेलो नाही, म्हणून लिहितो.

आपण दोघे वखारीत नवे होतो, त्या साली भादव्याच्या अवसेला मोठं पाणी आलं, तुला आठवत असेल. तू भिंतीला पाठ लावून पाण्यात उभा राहिलास. पाणी तुझ्या कमरेच्या करगोट्याला लागलं आणि थांबलं. तू ओरडलास, "मार रेघ, इथे!" मी गेरूने तुझ्या कमरेशी रेघ ओढली. वखारीचे मालक शेठ बघत होते. त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "चालशे. आ रेघनी उपर माल." तेव्हापासून पावसाळ्यासाठी राखलेलं गवत त्या रेघेच्या वर रचायचं. दरसाल जेठात ओंडके आणि फळ्यांचा माच तू बांधायचास, रेघेला धरून.

पुढे एका दिवाळीत शेठच्या घरी मुंबईचे व्याही येणार होते. वखार चुन्याने रंगवायला सांगितली. रेघेवर आधी खिळ्याने ओरखडा काढून ठेवायचा, एवढं माझं काम. मी विसरलो. चुना वाळला आणि भिंत कोरी. तू कैनाडला भावाच्या लग्नाला गेला होतास. शेठ संध्याकाळी येणार. मी घाबरलो. मला एवढंच आठवत होतं की रेघ करगोट्याशी होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि माझ्या करगोट्याशी रेघ ओढली.

तू माझ्याहून केवढा उंच. आणि ते मला त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं नाही हे खरं आहे, शुक्रा. एवढ्यावर विश्वास ठेव. पुढच्यावर मी विश्वास मागत नाही.

जेठात तू माच बांधायला आलास आणि भिंतीकडे बघून म्हणालास, "सदू, रेघ खाली उतरली काय रे?" तेव्हा मला लख्ख कळलं. पण हाल्या आणि पांड्या ऐकत होते. मी म्हणालो, "रेघेला काय पाय आहेत? शिकलेला मी की तू?" ते दोघे हसले. तू माच बांधलास, रेघेला धरून, मी सांगितलं तसा. मी मनात म्हटलं, एवढं पाणी काय रोज येतं?

तीन पावसाळे आलं नाही. चौथ्यात आलं.

खालच्या दोन थरांत पाणी शिरलं. खारं पाणी प्यालेलं गवत आतून तापायला लागलं. गासडीत हात घातला तर भाजायचा. तिसऱ्या दिवशी धूर निघाला. आपण सगळ्यांनी मिळून गासड्या खाडीत ढकलल्या. शेठ काठावर उभे होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, "सदू, माच रेघेच्या वर होता की खाली?"

मी म्हणालो, "खालीच बांधला असेल."

तू चार पावलांवर होतास. तू भिंतीकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि मग खाली. मला वाटलं, तू मान खाली घातलीस. मी मनात म्हटलं, यालाही पटलं वाटतं. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

दुसऱ्या दिवशी वखारीमागची तुमची झोपडी मोडली. ठकी पोटुशी होती. तुम्ही तलासरीकडे, तिच्या माहेरी निघालात. मी घरात होतो. मी ताप आल्याचं सांगितलं होतं.

पुढे एकदा विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत तू दिसलास. खांद्यावर पोर होतं, तोच मनिष असेल. मी टोपल्यांच्या दुकानामागे जाऊन उभा राहिलो. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, टोपली हवी काय?" मी एक घेतली. ती अजून घरात आहे, कांदे असतात तिच्यात.

तर मागायचं आहे ते हे. माफी मागायला मला तोंड नाही. मला तुझ्या कमरेची उंची पाहिजे. टाचेपासून करगोट्यापर्यंत. ओट्याच्या खांबांना आता फळ्यांचे साचे बांधणार आणि १८ मार्चला सिमेंट ओतणार. तो ओटा कमी उंचीचा झाला, तर बंदरावरची माणसं पोराबाळांना घेऊन तिथे येतील आणि विजेची पेटी पाण्यात असेल. या वेळी गवत नाही भिजणार.

सदू

डहाणू
४ मार्च २०२५

शुक्रा,

अजून काही आलं नाही. तू द्यावंस असं काही मी केलेलंही नाही.

काल मी मॅडमना सांगितलं. आठवडाभर रोज जाऊन परत येत होतो. कधी त्या फोनवर असायच्या, कधी मीच कच खायचो. काल त्या भिंतीखाली बसून डबा खात होत्या. मी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "पाटी लावू नका. रेघ खोटी आहे."

मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मला वाटलं, त्या म्हणतील, काही हरकत नाही आजोबा, आमची यंत्रं आहेत. तसं म्हणाल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपलो असतो. त्या म्हणाल्या, "आमच्या आकड्यांप्रमाणे पाणी तुमच्या रेघेच्या वर यायला हवं होतं. पण या वळणावर खाडी कशी वागते ते आकड्यांना कळत नाही, डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला कळतं, असं मीच सगळ्यांना पटवून दिलं. तुमची रेघ धरून मी ओटा खाली आणला."

"मग आता परत वर न्या."

"किती वर, आजोबा? जेवढा वर जाईल तेवढा मोठा उतार बांधावा लागतो, नाहीतर म्हातारी माणसं, चाकाच्या खुर्चीवरची माणसं चढणार कशी? अंदाजाने नाही करता येत. तो दुसरा माणूस कुठे असतो?"

मी सांगितलं, तलासरीकडे. त्या म्हणाल्या, गाडी पाठवते. मी म्हणालो, नको. गाडी पाठवून बोलावण्याचा हक्क माझा नाही, आणि तुमचाही नाही. तो देईल तर देईल. त्यांनी मला १७ तारखेपर्यंत वेळ दिला.

घरी येऊन कुसुमबाईला पण सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "एकोणपन्नास वर्षं हे पोटात ठेवलंत, आणि आमटीत मीठ जास्त पडलं की आख्खी आळी ऐकते." मग उठून आत गेली आणि ती टोपली बाहेर आणली. कांदे परातीत ओतले. टोपली झाडून, पुसून दारात ठेवली. म्हणाली, "त्या ठकीचं काय झालं पुढे, हे तरी विचारलंत का पत्रात?"

नाही विचारलं. आता विचारतो. ठकीबाई कशा आहेत? तेव्हा जे पोटात होतं ते मनिषच का? रस्त्यात तिला काही त्रास झाला का? तुम्ही चालत गेलात की गाडी मिळाली?

दुसरी एक काळजी आहे. म्हातारपणी माणूस खुजा होतो. तुझीही उंची कमी झाली असेल तर? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पाठ वाकते, पायांची हाडं तेवढीच राहतात. टाचेपासून कमरेपर्यंत तू अजून तेवढाच असशील.

सदू

डहाणू
१६ मार्च २०२५

शुक्रा,

बांबू पोहोचला.

मनिष आणि वर्षा एसटीने आले. कंडक्टर बांबू आत घेऊ देईना, म्हणाला, "टपावर टाका." वर्षा त्याला म्हणाली, "टपावर माणूस बसवतोस का? हा माझा सासरा आहे." सगळी गाडी हसली म्हणे. तुझ्या घरात शोभते पोरगी.

तू पत्र ऐकून दोन आठवडे उशाखाली ठेवलंस, हे तिनेच सांगितलं. मग एका सकाळी उठलास, मनिषकडून चांगला जून बांबू तोडून आणवलास, काठीच्या आधाराने भिंतीला लागून उभा राहिलास आणि करगोट्याशी खूण करायला सांगितलीस. खाच मात्र तू तुझ्या कोयत्याने पाडलीस.

आम्ही पाचजण वखारीत गेलो. मॅडम, जतीन, तुझी दोघं आणि मी. कुसुमबाई मागून आली, ती सहावी. मनिषने बांबू भिंतीला लावला. मी बघितलं तर खाचा दोन.

मी म्हणालो, "एक चुकून पडली वाटतं."

वर्षा म्हणाली, "चुकून नाही. बाबांनी सांगितलंय, वरची खाच माझी, खालची सदूची, तिला धरून मी चार वर्षं माच बांधलाय. दोन्ही लावून बघा."

खालची खाच माझ्या रेघेवर बसली. गेरूच्या मधोमध. केसाचा फरक नाही.

मॅडमनी बांबूकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे, आणि मग खाली, माझ्या कमरेकडे.

शुक्रा, तेव्हा मला कळलं की त्या दिवशी तू मान खाली घातली नव्हतीस.

मी वर्षाला विचारलं, "त्याला तेव्हापासून ठाऊक होतं?" ती म्हणाली, "आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाच सांगितलं होतं. सदूच्या कमरेने खाडी मोजली, असं म्हणून हसतात."

"मग शेठला का नाही सांगितलं त्याने?"

ती मनिषकडे बघून मग बोलली, "मी पण विचारलं होतं. म्हणाले, मी एकदा सांगितलं, तर सगळे हसले. त्या दिवशी विचारायचं होतं तर शेठने मला विचारायचं. त्याने सदूला विचारलं."

मी खाली बसलो. कुसुमबाईने पाणी आणलं. ती पण काही टोचून बोलली नाही, यावरून समज.

तुझी खाच रेघेच्या वर एक वीत आणि चार बोटं आली. म्हणजे ठरलेला ओटा तेवढ्या पाण्यात चार बोटं बुडाला असता. मॅडमनी तिथल्या तिथे फोन केला. खांब वाढणार, उतार लांबणार, कामाला पंधरा दिवस उशीर होणार. मुकादम कुरकुरला. मॅडम म्हणाल्या, "करा."

नवी रेघ मी ओढली नाही. मनिषने ओढली, तुझ्या खाचेशी, गेरूनेच. माझी रेघ पुसायला निघाले तर मी म्हणालो, राहू द्या. दोन्ही राहू द्या. मॅडमनी पाटीवर काय लिहायचं ते विचारलं. मी सांगितलं आहे तसं लिहिणार आहेत. पाणी इथवर आलं, शुक्राने पाहिलं. खालच्या रेघेपाशी, सदूने चूक केली. एवढंच. जतीनला ते दुसरं वाक्य आवडलं नाही. नातवंडं वाचतील म्हणाला. वाचू देत.

वर्षाने ठकीबाईंचंही सांगितलं. चालत गेलात. वाणगावपर्यंत उलट दिशेने जाऊन काम मिळतं का बघितलंत आणि मग परत फिरून तलासरी. पहिलं मूल राहिलं नाही. मनिष नंतरचा. मी पत्रात विचारलं तेव्हा मला वाटत होतं, होय मनिषच, असं उत्तर येईल.

ती टोपली मनिषबरोबर पाठवली आहे. आत आमच्या झाडाचे चिकू आहेत, दोन दिवसांनी पिकतील. कुसुमबाईने ठकीबाईंसाठी लुगडं ठेवलंय. घेतील न घेतील, ते त्यांच्यावर.

हनुमान जयंतीला विवळवेढ्याची जत्रा सुरू होईल. मी पहिल्या दिवशी सकाळपासून टोपल्यांच्या दुकानापाशी असेन, पुढच्या बाजूला. तुला यावंसं वाटलं नाही तर दुसऱ्या दिवशी असेन. जत्रा पंधरा दिवस चालते.

आणि भादव्याच्या अवसेपर्यंत तिवरांची रोपं धरलेली असतील, ओटा झालेला असेल. वर जायला उतार आहे, गुडघ्यांना त्रास नाही. आलास तर दोघे वर बसू. उधाणाचं पाणी पायऱ्या चढून आत येईल, आणि ते कुठवर आलं हे मी या वेळी तुला विचारीन.

सदू